तारेची मालकी आणि बातमीची वाट

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कडाव हे गाव बाहेरच्यांना बालदिगंबर गणेशाच्या मंदिरामुळे माहीत असते. आसपासच्या वाड्या-पाड्यांसाठी मात्र ते रोजच्या कामाचे आणि बाजारहाटाचे ठिकाण. या भागातील माणसाचा दिवस आता कशावर चालतो ते पाहावे. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचे यंत्र इंटरनेटवर चालते. सातबारा, ई-पीक पाहणी, मुलाचा प्रवेशअर्ज, बँकेचा ओटीपी, गॅसचा नंबर, मुंबईला नोकरीवर गेलेल्या मुलाची खुशाली आणि तालुक्याची बातमी, हे सारे एकाच वाटेने येते. ती वाट म्हणजे मोबाईलची रेंज.

ही वाट पुरवणाऱ्या कंपन्या देशात आज किती? खासगी तीन आणि सरकारी भारत संचार निगम. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार देशातील मोबाईल ग्राहकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक ग्राहक जिओ आणि एअरटेल या दोघांकडेच आहेत. ‘मक्तेदारी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महागाई येते. भाव हा प्रश्न आहेच. पण ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेने बातमी, मत आणि तक्रार जात असेल, तर वाटेच्या मालकाचा प्रश्न भावापुरता उरत नाही. या प्रश्नाला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला काही भाग कर्जत-खालापूरच्या डोंगरांतून गेलेला आहे आणि निर्णायक भाग तीन मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीतून उतरलेला आहे.

डोक्यावरून गेलेल्या तारा

१८५६ साली रेल्वे घाटपायथ्याशी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली ती बोरघाट चढून गेली. सर्वसामान्यांसाठी तारसेवा खुली झाली ती १८५५ साली. पुढे लोहमार्ग आणि तारेचे खांब जोडीने धावू लागले. कापूस, पलटण आणि निरोप यांच्या वाटेवर आपला तालुका आला.

या तारेची मालकी कोणाची, हे १८८५ च्या भारतीय तार कायद्याने एका कलमात ठरवून टाकले. तारयंत्रणा उभारण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. दुसऱ्या कोणाला ते करायचे असेल तर सरकारकडून परवाना घ्यावा लागेल. पुढच्याच कलमाने आणीबाणीच्या प्रसंगी निरोप अडवण्याचा व उघडून पाहण्याचा अधिकार सरकारला दिला. टेलिफोन, रेडिओ, मोबाईल, इंटरनेट ही सारी पुढची अपत्ये याच कायद्याच्या छपराखाली वाढली. २०२३ चा दूरसंचार कायदा येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ १३८ वर्षे, हे छप्पर कायम होते. आज खासगी कंपनी आपल्याला रेंज देते ती मुळात सरकारने दिलेल्या परवान्यावर, ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

तारेपाठोपाठ वीज आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी नळांतून खाली कोसळवायचे, वीज तयार करायची आणि उंच मनोऱ्यांवरून ती मुंबईच्या गिरण्यांना न्यायची, अशी ही योजना. मनोरे उभे राहिले ते या पट्ट्यातल्या शेता-डोंगरांत. त्यांच्याखालच्या वाड्यांत चिमण्या आणि कंदील मात्र पुढे कित्येक वर्षे जळत राहिले. १९४२ च्या आंदोलनात माथेरानच्या विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे पाडले, ते मुंबईची वीज तोडण्यासाठी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. वाहून नेणारी तार ही सत्तेची नस असते, हे दस्त्यातल्या तरुणांनी नेमके हेरले होते.

याच भिवपुरीच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वीज तयार करून सोडलेले पाणी पुढे राजनाला कालव्यातून कर्जत तालुक्यातल्या शेतांना मिळू लागले आणि पावसाळी भातानंतर दुसरे पीक निघू लागले. पाणी तेच. फरक इतकाच की वरून वाहणाऱ्या पाण्याला गावाच्या बाजूने वाट काढून देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला. आपोआप ते घडले नसते.

बातमीचे घाऊक दुकान

तार सरकारची होती, पण तारेतून येणारी जगाची बातमी कोणाची? १८६६ साली रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत कचेरी उघडली. १८७० साली लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ या तीन संस्थांनी आपसांत करार करून जगाचे बातमीक्षेत्र वाटून घेतले. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला गेले. त्याच वर्षी समुद्राखालून तार मुंबईला पोचली. म्हणजे पुण्या-मुंबईचे संपादक आपापल्या पत्रांत कितीही निर्भीड लिहोत, परदेशची बातमी घ्यायची झाली तर घाऊक दुकान जवळपास एकच. वर्तमानपत्रे अनेक आणि बातमीचा उगम एक, हा प्रकार आजचा नाही.

स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्रांनी मिळून उभारलेल्या प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाने रॉयटरच्या भारतीय शाखेची जागा घेतली. पुढे स्पर्धक संस्था आल्या. पण आणीबाणीत, १९७६ साली, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था बनवली गेली. चार दारांवर पहारा बसवण्यापेक्षा एकच दार ठेवणे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. १९७८ मध्ये ती मोडून चार संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. खासगी संस्थांचा आपसांतला करार असो की सरकारचा हुकूम, गावातल्या वाचकाच्या हाती पडते ते सारखेच: एका ठिकाणी निवडलेली बातमी.

राजाध्यक्ष, मुधोळकर, सावंत

स्वतंत्र भारताने हा प्रश्न लवकर ओळखला होता. १९५२ साली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. आयोगाचा अहवाल १९५४ साली आला. मोठी भांडवली पत्रे कमी किमतीत जास्त पाने देतात, तोटा जाहिरातींतून भरून काढतात आणि जिल्ह्यातली लहान पत्रे त्यांच्यापुढे टिकत नाहीत, हे आयोगाने पाहिले. उपाय म्हणून त्याने किंमत आणि पाने यांचे प्रमाण कायद्याने बांधून देण्याची शिफारस केली. जास्त पाने द्यायची असतील तर किंमतही जास्त ठेवा.

आपल्या जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याच्या, दृष्टीने ही चिंता पुस्तकी नव्हती. चरीचा शेतकरी संप चालू असतानाच्या काळात, १९३७ साली, नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केले. खोताच्या विरोधात उभ्या राहिलेल्या कुळांची बाजू मांडायला स्वतःचे पत्र लागते, हे त्या पिढीने जाणले होते. अशा पत्राला मोठा जाहिरातदार कोठून मिळणार? त्याची खरी ताकद त्याच्या वाचकांत असते, आणि तेच वाचक शहरातून येणाऱ्या जाडजूड, स्वस्त अंकाकडे वळले तर पत्राचे कंबरडे मोडते.

१९५६ साली संसदेने किंमत-पृष्ठ कायदा केला आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली सुरू केलेले ‘सकाळ’ तेव्हा दिल्ली-मुंबईच्या मोठ्या साखळीचा भाग नव्हते. त्याचा खप रोज सुमारे ५२ हजार होता. आठवड्याचे सहा दिवस मिळून ते ३४ पाने देत असे आणि अंकाची किंमत होती ७ नवे पैसे. नव्या आदेशाप्रमाणे त्याच किमतीत २४ पानेच देता आली असती. ३४ पाने ठेवायची तर किंमत ८ नवे पैसे करावी लागली असती. एका पैशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

सप्टेंबर १९६१ मध्ये घटनापीठाचा निकाल आला. तो लिहिला न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी. सरकारचे म्हणणे होते की हा व्यापाराचा विषय आहे. मक्तेदारी रोखून लहान पत्रांना संधी द्यायची आहे. न्यायालयाने ते मानले नाही. पाने कमी करायला लावणे म्हणजे मजकूर कमी करणे आणि किंमत वाढवायला लावणे म्हणजे वाचक कमी करणे. दोन्हीचा घाव अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच पडतो. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात हे स्वातंत्र्य मर्यादित करण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत ‘लोकहित’ असे मोघम कारण नाही. म्हणून कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

हा निकाल सरकारी हस्तक्षेपाविरुद्धची भक्कम भिंत ठरला. १९७२ साली बेनेट कोलमनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्र-कागदाच्या धोरणातली दहा पानांची मर्यादा रद्द केली, तीही याच वाटेने जाऊन. मात्र तेव्हा न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी वेगळे मत नोंदवले. बोलण्याची साधने मोजक्यांच्या हाती गेली तर बाकीच्यांच्या स्वातंत्र्याचे काय, अशी त्यांची दिशा होती. पुढे दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले आणि १९८२ च्या अहवालात, वर्तमानपत्रांची मालकी इतर उद्योगांपासून वेगळी करावी अशी शिफारस झाली. ती कागदावरच राहिली.

तिसरे न्यायमूर्ती पी. बी. सावंत. क्रिकेटचे सामने दाखवण्याचा हक्क कोणाचा, यावरून माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सावंतांनी दिलेल्या निकालाचा गाभा असा की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि मोजक्या खासगी मालकांचीही नको. स्वातंत्र्य बोलणाऱ्याचे आहे तसेच ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याचेही आहे. त्याला वेगवेगळी मते मिळाली पाहिजेत, आणि हे सांभाळायला स्वतंत्र सार्वजनिक संस्था हवी.

हे तिन्ही टप्पे एका ओळीत ठेवले की आपल्या कायद्यातली फट दिसते. राजाध्यक्ष आयोगाने रोग ओळखला. मुधोळकरांनी सांगितले की दिलेले औषध घटनेला चालत नाही. सावंतांनी पेच सोडवण्याची दिशा दाखवली: पानांवर मर्यादा घालू नका, पण सार्वजनिक लहरी वापरू देताना त्या थोड्यांच्या हाती जाणार नाहीत हे पाहा. १८८५ पासून परवाना सरकारच देत आले आहे. तेव्हा परवान्याच्या अटींतून मालकीचे केंद्रीकरण रोखणे हे पाने मोजण्याइतके घटनाबाह्य ठरण्याचे कारण नव्हते. पुढच्या तीस वर्षांत ही वाट धरली गेली नाही.

बारा दुकाने आणि उरलेली चार

सावंतांचा निकाल आला त्याच वर्षी दोन दरवाजे उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून देशातला पहिला मोबाईल कॉल झाला आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. देश परवान्यांसाठी मंडळांत विभागला होता. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे एक मंडळ. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा दुसरे. प्रत्येक मंडळात आरंभी दोनच खासगी कंपन्या. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. इंटरनेट १९९८ पर्यंत एकट्या सरकारी निगमकडेच होते. गावात तेव्हा पीसीओची पिवळी पाटी हीच दूरसंचाराची खूण.

पुढच्या दहा-बारा वर्षांत कंपन्या वाढत गेल्या. काही मंडळांत डझनभर कंपन्या एकमेकींशी झुंजत होत्या. मग २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जी प्रकरणातले १२२ परवाने रद्द केले. लिलावात स्पेक्ट्रमचे भाव चढले, कंपन्यांवर कर्जे चढली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले. तोवर एक जीबी डेटासाठी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. आता तो जवळपास फुकट झाला. खेड्यातल्या तरुणाच्या हातात इंटरनेट पोचले ते या लाटेने, हे मान्य केलेच पाहिजे. पण लाट ओसरली तेव्हा किनाऱ्यावर थोडेच उरले. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा गुंडाळली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी देण्यांबाबत जो निकाल दिला, त्याने ही कंपनी वाकली. देण्याचे भागांत रूपांतर करत करत सरकारच आज तिच्यातले सर्वांत मोठे भागधारक झाले आहे.

परिणाम जून २०२४ च्या अखेरीस दिसला. जिओने दरवाढ जाहीर केली आणि दोन दिवसांच्या आत एअरटेल व व्होडाफोन आयडियानेही केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रिचार्ज महागले. पुढचे काही महिने लोक बीएसएनएलकडे वळले. चौथे दुकान उघडे असण्याचा अर्थ त्या महिन्यांत कळला.

केंद्रीकरण मोजायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक विक्रेत्याच्या बाजारातील टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. चार विक्रेत्यांकडे प्रत्येकी २५ टक्के असतील तर बेरीज २५०० येते. दोघांकडे ४०-४० आणि दोघांकडे १०-१० असतील तर ती ३४०० होते. दुकाने दोन्हीकडे चारच, पण बाजार दुसरा. म्हणून नुसत्या पाट्या मोजून भागत नाही.

‘ट्राय’ने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीसाठी हीच रीत सुचवली होती. भाषा आणि ती बोलणारे राज्य हा एक बाजार धरायचा, म्हणजे मराठी बातम्यांसाठी महाराष्ट्र. तिथे वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी दोन्हींत एकाच मालकाचा हिस्सा ठरावीक मर्यादेपुढे गेला तर त्याने एका माध्यमातला हिस्सा कमी करायचा. कोणाच्या मजकुराला हात न लावता मालकीची मर्यादा घालण्याचा हा मार्ग होता. असा कायदा झाला नाही.

दरम्यान मालकीचे धागे एकमेकांत गुंतत गेले. २०१४ साली नेटवर्क-१८ हा वृत्तवाहिन्यांचा समूह रिलायन्सच्या ताब्यात आला. २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला आणि गुगलने ३३,७३७ कोटींत ७.७३ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम-१८ यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. स्पर्धा आयोगाने त्याला काही अटींवर संमती दिली होती. म्हणजे रेंज देणारा, व्हॉट्सॲप व यूट्यूब चालवणारे आणि वाहिन्यांचा मालक यांची खाती आता काही ठिकाणी एकाच वहीत सापडतात. यात बेकायदा असे काही नाही, आणि चिंतेचे कारण नेमके तेच आहे.

एका लहान देशाचा अनुभव

अशा गुंत्याचे काय होऊ शकते, हे पाहण्यासाठी एका लहान देशाकडे वळू. रायगडला तो परका नाही. अलिबाग, पेण, रोह्याच्या गावांत शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथून त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले.

महाराष्ट्राच्या तुलनेत इस्रायल चिमुकला. तिथे दूरचित्रवाणी १९६८ साली आली आणि दुसरी, व्यापारी वाहिनी १९९३ मध्ये. टेलिफोनचे खाते सरकारचे होते. १९८४ साली त्यातून ‘बेझेक’ ही कंपनी झाली आणि पुढे ती खासगी मालकांकडे गेली. तीन केबल कंपन्या एकत्र येऊन एकच झाली. मोबाईलच्या बाजारात प्रामुख्याने तीन कंपन्या होत्या. लहान देशात हे सहज घडते. तारा टाकायचा खर्च मोठा आणि गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे दुसरा कोणी येत नाही.

तिथल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की २०१२ साली सरकारने जाणूनबुजून नव्या मोबाईल कंपन्यांना वाट करून दिली आणि दर झपाट्याने कोसळले. पुढच्या वर्षी केंद्रीकरण कमी करण्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. एकाच घराण्याच्या हाती एकावर एक रचलेल्या कंपन्या राहू नयेत आणि परवाने देताना एकूण केंद्रीकरणाचा विचार व्हावा, असा त्याचा रोख. दुसरी गोष्ट कडू आहे. ‘वाला’ हे बातम्यांचे संकेतस्थळ बेझेकच्याच मालकीचे होते. बेझेकला सोयीचे सरकारी निर्णय आणि त्या बदल्यात ‘वाला’वर अनुकूल बातम्या, असा व्यवहार झाल्याचा आरोप पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्यावर २०१९ साली जाहीर झाला आणि खटला उभा राहिला. त्यांनी आरोप नाकारला आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण असा आरोप होण्याची जागा कशामुळे तयार झाली? तारेचा मालक आणि बातमीचा मालक एकच असल्यामुळे. परवान्यासाठी सरकारच्या दारात उभा असलेला माणूस सरकारवरची बातमी छापणाराही असेल, तर एका हाताचे काम दुसऱ्या हाताला कळणारच.

भारत लहान देश नाही. पण बातमीच्या हिशेबात प्रत्येक भाषा हा एक स्वतंत्र देश असतो, आणि त्यातला तालुका म्हणजे फारच लहान देश. कडावच्या माणसाला तमिळ किंवा बंगाली वाहिन्यांच्या विपुलतेचा काय उपयोग? त्याच्या भाषेत, त्याच्या तालुक्याबद्दल बोलणारे किती, एवढीच त्याच्यासाठी खरी संख्या.

कर्जत-खालापूरसाठी याचा अर्थ

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जाण्याजोगा रस्ता नव्हता. मदत करणारे पायवाटेने चढले. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मोठ्या वाहिन्या पायथ्याशी होत्या. त्यांनी काम केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. कोणती वाडी यादीत आहे आणि कोणती नाही, हे दरड कोसळण्याआधी विचारणे हे तालुक्याच्या बातमीचे काम. त्या बातमीला जाहिरात नसते, ती राज्यभर पाहिली जात नाही, आणि प्रेक्षकसंख्येवर चालणाऱ्या केंद्रित बाजारात तिला जागा उरत नाही. तिच्यासाठी जिल्ह्याचे पत्र लागते, तालुक्याचा वार्ताहर लागतो, आणि त्याचे लिहिलेले लोकांपर्यंत नेणारी, कोणा एकाच्या मर्जीवर नसलेली वाट लागते.

अशी वाट राखण्याचे उपाय नवे शोधायचे नाहीत; ते वर येऊन गेले आहेत. तार वाहणारा आणि बातमी विकणारा यांच्या मालकीत अंतर ठेवणारा कायदा ‘ट्राय’च्या २०१४ च्या शिफारशींना पुढे नेऊन करता येईल. तो मुधोळकरांच्या निकालाच्या आड येण्याचे कारण नाही आणि सावंतांच्या निकालाला तर तो धरूनच आहे. वाहणाऱ्याने सर्वांचा माल सारख्या दराने वाहावा, हे तत्त्व ‘ट्राय’ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मोजकीच संकेतस्थळे फुकट देणाऱ्या योजनांवर बंदी घालून मान्य केलेले आहे. ते टिकवायचे आहे. आणि चौथे दुकान चालू ठेवायचे आहे.

या शेवटच्या मुद्द्यात गावाला स्वतः करण्यासारखे काही आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली; तिचे आजचे नाव भारतनेट. तिच्यासाठी लागणारा पैसा आपणच दिलेला आहे, कारण दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवेसाठी जो निधी वसूल होतो, तो अखेर आपल्या रिचार्जमधूनच येतो. ती तार आपल्या पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आली आहे का, आली असेल तर पेटीत दिवा लागलेला आहे का, आणि तिथून शाळा, आरोग्य केंद्र, वाचनालय आणि वाड्यांपर्यंत जोडणी कोणी, कधी द्यायची? हे प्रश्न २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विचारता येतात आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घेता येतात.

भिवपुरीचे पाणी राजनाल्यात वळवून घेतलेल्या तालुक्याला हे अवघड वाटू नये.